तांबडा बोया

पॉल सिन्याकने 1895 मध्ये रंगवलेलं ‘तांबडा बोया’ हे चित्र पॅरिसच्या म्युझे द’ओर्से या संग्रहालयात आहे. आकाराने बेताचंच, उंची 81 सेंटिमीटर आणि रुंदी 65. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं सँ-त्रोपे हे तेव्हाचं लहानसं मच्छीमार बंदर त्यात आहे. धक्क्याला लागून पिवळी-नारिंगी घरं, त्यांची पाण्यात लांबवर ओघळलेली प्रतिबिंबं, शिडाच्या होड्या, आणि खाली, पाहणाऱ्याच्या अगदी पुढ्यात, तरंगणारा एक तांबडा बोया. हे सगळं सुट्या सुट्या ठिपक्यांनी उभं केलेलं. पाण्याचा निळा रंग एकसंध नाही. त्यात नारिंगीचे, जांभळ्याचे, हिरव्याचे तुकडे शेजारी शेजारी मांडलेले आहेत.

या चित्रावरून एका आत्या-भाच्यात वाद झाला, आणि तो अपेक्षेच्या उलट बाजूंनी झाला. आत्या भौतिकशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका. प्रकाशशास्त्र हा तिचा हातखंडा विषय. भाचा जलरंगात निसर्गचित्रं करणारा, हर्णै-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर बोर्ड मांडीवर घेऊन उन्हात बसणारा. चित्रकाराला चित्र नावडतं होतं. आणि भौतिकशास्त्राच्या बाईंना, त्यामागचं भौतिकशास्त्र चुकलंय हे पुरतं ठाऊक असूनही, ते फार आवडत होतं. भाच्याने मूळ चित्र पॅरिसला जाऊन पाहिलेलं. आत्याने पाहिलेलं फक्त छापील, तेही आत्ता मांडीवर असलेल्या जाडजूड पुस्तकात.

“हा माणूस अर्धा खलाशी होता गं,” भाचा म्हणाला. “आयुष्यात तीसहून जास्त होड्या बाळगल्या त्याने. 1892 मध्ये स्वतःची ‘ऑलिंपिया’ घेऊन ब्रिटनीहून निघाला, मिदी कालव्यातून भूमध्य समुद्रात उतरला आणि मे महिन्यात सँ-त्रोपेला लागला. वारा, दोर, शीड, सगळं हाताला माहीत. असा माणूस चित्र काढायला बसला की काय करतो? खोलीत जाऊन ठिपके मोजतो! पाणी हलायला हवं. हे पाणी बसवलेलं आहे.”

“बसवलेलंच आहे,” आत्या म्हणाली. “बंदिश बसवतात तसं. त्याला ते हवंच होतं. आदल्याच वर्षी त्याने कोंकार्नोच्या होड्यांची चित्रं केली तेव्हा त्यांना काय नावं दिली? स्केर्झो, लार्गेत्तो, आदाजिओ. संगीतकार देतात तसे चित्रांना क्रमांक द्यायचा. पाण्याची नक्कल करायची असती तर हा उद्योग कशाला केला असता?”

“नाव संगीताचं दिलं म्हणून गाणं होत नाही.”

इथे थोडं मागे जायला हवं, कारण ठिपक्यांचा धनी सिन्याक नव्हे. तो मान जॉर्ज सोराचा. 1884 ते 1886 अशी दोन वर्षं खपून सोराने ‘ला ग्रांद जात’ बेटावरच्या रविवारच्या दुपारचं दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद असं अवाढव्य चित्र केलं. आज ते शिकागोला आहे. दृक्प्रत्ययवाद्यांच्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात, 1886 मध्ये, ते लागलं तेव्हा फेलिक्स फेनेओं या समीक्षकाने या नव्या रीतीला नवदृक्प्रत्ययवाद असं नाव दिलं. आपण सवयीने बिंदुवाद म्हणतो. सोरा 1891 च्या मार्चमध्ये गेला, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी. त्याच्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या सिन्याककडे मित्राचं अर्धवट राहिलेलं मत पुढे चालवण्याचं काम आलं. पुढच्याच वर्षी तो दक्षिणेला गेला, 1897 मध्ये सँ-त्रोपेला ‘ला ह्यून’ नावाचं घर घेतलं, आणि 1899 मध्ये देलाक्र्वापासून स्वतःच्या मंडळींपर्यंतचा रंगांचा इतिहास सांगणारं पुस्तक काढलं. त्या पुस्तकातला मूळ दावा सोपा आहे. पॅलेटवर रंग कालवले की मळतात. म्हणून ते कालवूच नयेत. शुद्ध रंगांचे तुकडे शेजारी ठेवावेत, मिसळण्याचं काम पाहणाऱ्याच्या डोळ्याने करावं. म्हणजे प्रकाश मिसळेल, रंगद्रव्य नव्हे, आणि चित्र जास्त उजळेल.

“आता हा दावा,” आत्या म्हणाली, “परीक्षेत कुणी लिहिला असता तर मी अर्धे मार्क कापले असते.”

“बघ! म्हणजे शास्त्रही नाही आणि चित्रही नाही.”

“घाई करू नकोस. रंग कालवले की काळवंडतात, हे बरोबर. निळा रंग काही प्रकाश गिळतो, नारिंगी उरलेला गिळतो. दोन्ही एकत्र केले की गिळणारे दोन होतात. पण शेजारी ठेवलेले दोन ठिपके लांबून एक दिसले तर काय होतं? डोळ्याला त्यांची सरासरी मिळते. फक्त सरासरी. दोघांतल्या जास्त उजळ ठिपक्यापेक्षा ती उजळ होणं शक्यच नाही. आणि निळा-नारिंगी असे विरोधी रंग असतील तर ती सरासरी करडी येते. पिवळा आणि निळा ठेवला तर हिरवा मिळेल असं लोक समजतात. नाही मिळत. तोही करड्याकडेच झुकतो.”

भाच्याला हे नवं होतं. जलरंगात पिवळ्यावर निळा चढवला की हिरवा येतो, हे त्याच्या बोटांना पाठ. त्याला क्षणभर आपल्याच बाजूचा साक्षीदार फितूर झाल्यासारखं वाटलं असणार, कारण तो म्हणाला, “मग चित्र करडं का दिसत नाही?”

आत्याने ड्रॉवरमधून भिंग काढलं आणि पुस्तकाच्या पानावर धरलं. भिंगाखाली सिन्याकचे ठिपके नव्हतेच. निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या बारीक टिंबांची जाळी होती, छपाईची. प्रत्येक टिंब मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढं. मग तिने हिशेब मांडला. माणसाच्या डोळ्याला साधारण एका कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन वेगळा ओळखता येतो. छपाईचं टिंब त्या हिशेबाने हातभर अंतरावरून विरघळतं. म्हणून छापील चित्र रोजच्या वाचण्याच्या अंतरावर खरोखरच डोळ्यात मिसळतं. आणि सिन्याकचा ठिपका? “समजा अर्धा सेंटिमीटर धरू. तो पूर्ण विरघळायला तुला सतरा मीटर मागे जावं लागेल. रंगांच्या बाबतीत डोळा जरा ढिला असतो, म्हणून थोडं कमी धर. तू किती लांब उभा होतास?”

“दोन-तीन मीटर. त्याहून मागे गेलो तर मधे माणसं येतात.”

“आणि ठिपके मिसळले?”

“छे. सगळे सुटे दिसत होते. तेच तर मला खुपलं.”

“तेच मला आवडतं. सिन्याक लिहीत होता, मिसळतील. आणि काढत होता मिसळणार नाहीत असे. मिसळले असते तर पाणी राखेच्या रंगाचं झालं असतं. ते मिसळण्याच्या काठावर अडकून राहतात, डोळा त्यांना एकत्र करू पाहतो आणि जमत नाही. भर दुपारी पाण्याकडे बघताना हेच होतं की नाही?”

यावर भाचा काही बोलला नाही. पण मुद्दा एवढ्याने संपत नाही. ठिपके थरथरतात हे मान्य केलं तरी त्या नारिंगी घरांचं तेज कुठून येतं, हा प्रश्न राहतोच. त्याचं उत्तर एका कापडगिरणीतल्या तक्रारीसारख्या रुक्ष प्रकरणात आहे. पॅरिसच्या गोब्लँ या सरकारी विणकाम कारखान्यात 1824 मध्ये रंगखात्याचा प्रमुख म्हणून मिशेल युजेन शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ आला. तक्रार अशी होती की काळा धागा पुरेसा काळा रंगत नाही. शेव्ह्रलने धागे तपासले. रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्याशेजारी विणला की तोच काळा फिका दिसत होता. शेजारी बदला, रंग बदलतो. 1839 मध्ये त्याने यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तो 102 वर्षं जगला, 1889 पर्यंत, म्हणजे आपल्या नियमावर चित्रकारांची एक पिढी उभी राहिलेली त्याच्या हयातीतच घडलं.

“तर तुझ्या सिन्याककडे दोन शास्त्रं होती,” आत्या म्हणाली. “एक डोळ्यात रंग मिसळण्याचं, आणि एक शेजाऱ्यामुळे रंग चढण्याचं. तो नाव घेत होता पहिल्याचं, चित्र उभं होतं दुसऱ्यावर. निळ्या पाण्यात नारिंगी प्रतिबिंब ठेवलं की दोन्ही एकमेकांना चढवतात. त्याला ठिपकेच हवेत असं नाही. पट्टे चालतील, फरश्या चालतील.”

“मग माझ्या वॉशनेही होईल,” भाच्याने ताबडतोब पकडलं. “ठिपक्यांची गरजच काय? आणि पहिलं शास्त्र ज्याच्याकडून आलं, तो ऑग्डन रूड माहिती आहे ना? तुझ्याच जातीचा, कोलंबियात भौतिकशास्त्र शिकवायचा. 1879 चं त्याचं पुस्तक, 1881 मध्ये फ्रेंचमध्ये आलं, ते या लोकांनी पोथीसारखं वाचलं. तो स्वतः जलरंगात चित्रं काढायचा. आणि त्याच्या मुलाने सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, या मंडळींची चित्रं पाहून तो वैतागला होता.”

“भौतिकशास्त्राच्या माणसाला चित्र नावडलं म्हणून तू खूश. मला आवडलं तर तुला पटत नाही!”

हे मात्र चोख होतं. भाचा हसला, पण सोडलं नाही. त्याचा खरा आक्षेप शास्त्राला नव्हताच, वेळेला होता. हर्णैच्या बंदरात तो सकाळी मचवे रंगवायला बसतो तेव्हा ते पाण्यावर असतात. ओहोटी लागली की दोन तासांत तेच मचवे वाळूवर कलंडतात, सावल्या फिरतात, चिखल चमकायला लागतो. चित्र त्याच्याआधी उरकावं लागतं, आणि त्या घाईतच रंगात जीव येतो असं त्याचं म्हणणं. महिनोन्‌महिने एका बोयावर बसणाऱ्याला ही घाई कशी कळणार?

आत्याने भूगोल पुढे केला. भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त. भरती-ओहोटीतला फरक बहुतेक ठिकाणी वीतभर. सँ-त्रोपेच्या धक्क्याशी पाणी सकाळी जिथे, संध्याकाळीही तिथेच. प्रतिबिंबं घरांच्या पायथ्याशी दिवसभर चिकटून राहतात. सावकाश रंगवण्यासारखं बंदर असेल तर हेच.

“आणि सोरा?” भाचा म्हणाला. “तो ओनफ्लरला गेला, पोर्ट-आं-बेसँला गेला, शेवटी ग्राव्हलीनला. सगळी उत्तरेची, भरपूर भरती-ओहोटीची बंदरं. तिथेही ठिपकेच. तुझं गणित तिथे बुडतं.”

आत्याने ते मुकाट्याने मान्य केलं. सोराच्या बंदरांत ओहोटीचं पाणीसुद्धा इस्त्री केल्यासारखं का असतं, याचं तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते भरतीच्या तक्त्यात सापडणारंही नाही.

गंमत अशी की भाच्याचा सगळ्यात भक्कम पुरावा खुद्द सिन्याकनेच ठेवलेला आहे. सँ-त्रोपेला आल्यावर तो जलरंगाकडे वळला. बंदरावर बसून पेन्सिलीच्या चार रेषा, त्यावर झपाझप रंग, कागदाचा पांढरा बिनधास्त सोडलेला. मग त्यांवरून खोलीत तैलचित्र. उतारवयात तर गास्तों लेव्ही या आश्रयदात्याच्या मदतीने 1929 ते 1931 या काळात त्याने फ्रान्सची शंभर बंदरं पालथी घातली आणि प्रत्येक ठिकाणी दोन जलरंगचित्रं केली, एक लेव्हीसाठी, एक स्वतःसाठी. साठी उलटून गेली होती. त्या चित्रांत ठिपक्यांचा हिशेब नाही. होड्यांच्या डोलकाठ्या लवतात, दोर सैल आहेत, पाणी हलतं.

“हा माझा सिन्याक,” भाचा म्हणाला. “बाकीचा तू ठेव.”

“पण ती चित्रं एवढी स्वच्छ का आहेत ते सांग. तू वर्गात मुलांना काय शिकवतोस?”

“तीनपेक्षा जास्त रंग कालवू नका. चिखल होतो.”

“आणि तो तीस वर्षं काय करत होता? विरोधी रंग एकमेकांत कालवायचे नाहीत, ही एकच गोष्ट. शास्त्राने सांगितलेलं कारण चुकीचं निघालं, पण पथ्य बरोबर होतं. हाताला जे वळण लागलं ते जलरंगात उतरलं.”

इथे लेखकाचं मत नोंदवायला हरकत नाही. आत्याचा हा मुद्दा आकर्षक आहे, पण पुरता सुरक्षित नाही. कामीय पिसारो या चित्रकारानेही हेच पथ्य चार-पाच वर्षं पाळलं आणि मग कंटाळून टाकून दिलं. त्याला त्यात जखडल्यासारखं झालं. शिवाय शुद्ध रंगांवरच्या विश्वासाने सोराला तर चांगलंच फसवलं. ‘ग्रांद जात’मध्ये वापरलेला झिंकचा पिवळा टिकाऊ नव्हता. तो काही वर्षांतच तपकिरी पडू लागला. 1892 मध्येच फेनेओंने त्याची तक्रार केली होती. उन्हातल्या गवतावरचे जे पिवळे ठिपके झगमगायला हवेत ते आज मातकट दिसतात. रंग न कालवता शुद्ध लावला तरी तो डबीत असताना शुद्ध असेलच असं नाही, हे कुठल्याच सिद्धांतात लिहिलेलं नव्हतं.

भिंग अजून टेबलावरच होतं. ते उचलून भाच्याने एक वेगळीच गोष्ट काढली. सिन्याक सँ-त्रोपेला हे उद्योग करत होता त्याच सुमारास, 1894 मध्ये, मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची ओलिओग्राफं भिंगाखाली धरली तर तिथेही ठिपके. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि गालावरची छटा उतरवायला दगडावर कारागिराने हाताने टोचलेली बारीक टिंबं. “ते जास्त खरे बिंदुवादी,” भाचा म्हणाला. “कुणी पुस्तक लिहिलं नाही, कुणी वाद घातला नाही. आणि ठिपके दिसू नयेत म्हणून धडपडले.”

“अगदी बरोबर. दिसू नयेत म्हणून. सिन्याकने दिसावेत म्हणून काढले,” आत्या म्हणाली. सिन्याक अराजकवादी होता, याची तिने इथे आठवण करून दिली. 1893 ते 1895 मध्ये त्याने सँ-त्रोपेच्याच किनाऱ्यावर कल्पिलेलं, काम आणि विरंगुळा सुखाने वाटून घेणाऱ्या माणसांचं एक भलंमोठं चित्र केलं. त्याचं मूळ नाव अराजकाच्या काळाबद्दल होतं; फ्रान्समध्ये अराजकवाद्यांची धरपकड सुरू झाल्यावर ते ‘सुसंवादाच्या काळात’ असं झालं. हल्ली ते पॅरिसलगतच्या मोंत्रयच्या नगरभवनात आहे. प्रत्येक ठिपका आपला रंग न सोडता शेजाऱ्याला चढवतो, हे त्याच्या राजकारणाशी जुळतं, असं बऱ्याच अभ्यासकांप्रमाणे आत्यालाही वाटतं. भाच्याला ते फार गोड वाटलं. “ठिपक्यांना मतं नसतात,” तो म्हणाला, आणि इथे लेखक भाच्याच्या बाजूला आहे.

मग त्याने पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि अंगठ्याने बोया झाकला. चित्रकार एकमेकांच्या कामावर करतात तसा. बोया गेला आणि चित्राचा खालचा भाग रिकामा पडला. पाणी नुसतंच निळं-नारिंगी, खोली नाहीशी. अंगठा काढला की घरं पुन्हा मागे सरकली. त्याने तीनदा करून पाहिलं.

“हे चांगलं ठेवलंय,” तो म्हणाला. चित्रकाराच्या तोंडून नावडत्या चित्राबद्दल याहून मोठं कौतुक निघत नाही.

“त्या घरांचं काय झालं ठाऊक आहे?” आत्याने विचारलं. 1944 च्या ऑगस्टमध्ये दोस्तांचं सैन्य दक्षिण किनाऱ्यावर उतरलं तेव्हा मागे हटणाऱ्या जर्मनांनी सँ-त्रोपेचं बंदर सुरुंगांनी उडवलं. धक्क्यावरच्या घरांची रांग बरीचशी ढासळली. युद्धानंतर ती जुन्यासारखीच पुन्हा बांधली. 1956 च्या एका चित्रपटातून नटी ब्रिजित बार्दोबरोबर हे गाव जगभर पोचलं, आणि आता मच्छीमारांच्या जागी श्रीमंतांच्या नौका लागतात. त्याच धक्क्यालगत सोळाव्या शतकातल्या एका प्रार्थनागृहात 1955 पासून लानॉन्सियाद हे संग्रहालय आहे. सिन्याक, क्रॉस, मातीस असे इथे येऊन गेलेले चित्रकार तिथे टांगलेत. 1961 मध्ये एका रात्रीत तिथली 57 चित्रं चोरीला गेली होती. पुढच्या वर्षी सापडली.

मातीसचं नाव निघालं आणि वाद पुन्हा पेटला. 1904 चा उन्हाळा मातीसने सिन्याकच्या शेजारी, सँ-त्रोपेला काढला. पॅरिसला परतून त्याने ठिपक्यांच्या रीतीने ‘ल्युक्स, काल्म ए वोल्युप्ते’ केलं. सिन्याकने खूश होऊन ते विकत घेतलं. पण पुढच्याच उन्हाळ्यात मातीस स्पेनच्या सीमेजवळच्या कोलिऊर या दुसऱ्या एका बंदरावर गेला, आंद्रे दरें हा चित्रकारही तिथे आला, आणि ठिपके फुटले. त्यांच्यात मोकळी जागा पडली, मग ते पट्टे झाले, मग सपाट रंग. 1905 च्या शरद प्रदर्शनात एका समीक्षकाने या चित्रकारांना ‘रानटी जनावरं’ म्हटलं.

“म्हणजे मातीस माझ्या बाजूचा,” भाचा म्हणाला. “एका वर्षात कंटाळला.”

“निळ्या पाण्याशेजारी नारिंगी होडी ठेवायला कुठे शिकला?”

“ते शेव्ह्रलकडून. तूच म्हणालीस, ठिपके लागत नाहीत.”

आत्या जरा अडकली. 1906 मध्ये मातीसने सपाट रंगांचं ‘जगण्याचा आनंद’ केलं तेव्हा सिन्याक भडकला होता, मातीस वाया गेला अशा अर्थाचं त्याने मित्राला लिहिलं होतं, हे तिने सांगितलं.

“बघ. आज इथे असता तर तुझ्या बाजूने भांडला असता.”

“माझ्या? त्याचं शास्त्र चुकलं असं मी तासभर सांगतेय,” आत्या भिंग पुसत म्हणाली. “तुझ्याकडे वळायच्या आधी तो मलाच घराबाहेर काढेल.”